गेवराईस चार दिवस

प्रवासवर्णन लिहावयाचें तर लेखकानें काश्मीर, काशी, निदान महाबळेश्वर तरी पाहिलेलें असावें, अशी एक समजूत आहे. गेवराई हें त्या पंक्तीस बसणारें गांव नव्हे. बीड जिल्ह्यांतील हें एक तालुक्याचें ठिकाण. येथें रेल्वे नाहीं, थंड हवा नाहीं. सोलापूर-धुळें हमरस्त्यानें जाणारे प्रवासी येथें घोटभर चहा घेतात व पुढें चालूं लागतात. तथापि २०२५ च्या मार्गशीर्षांत तेथें काढलेल्या चार दिवसांनीं आम्हांस जें शिकविलें, तें मोठमोठ्या यात्रांनीं शिकविलें नव्हतें. म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही गेलों होतों तें लग्नमुंजीस नव्हे, कीं केवळ देवदर्शनासहि नव्हे. वीस वर्षें न उघडलेलें एक दप्तर उघडावयास आम्ही गेलों होतों.

छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणारी एस. टी. आडूळ, पाचोड हीं गांवें घेत शहागडास येते. तेथें गोदावरीचा पूल ओलांडला कीं बीड जिल्हा लागतो. त्या वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली, तिच्या खुणा अद्याप बुजल्या नव्हत्या. कांठच्या बाभळींच्या फांद्यांस पुरानें आणलेला काडीकचरा लोंबत होता, आणि कित्येक शेतांची काळी माती खरवडून गेलेली दिसत होती. तरीहि उरल्या कापसाची वेचणी चालू होती, व पैठणच्या नाथसागराच्या उजव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊंस डोलत होता. वाटेवरच्या वस्त्यांत मात्र कितीतरी घरांच्या कड्यांना कुलपें दिसलीं. हीं ऊंसतोडीस गेलेल्या कुटुंबांचीं घरें. ओट्यावर एखादी म्हातारी व तिच्यापाशीं एखादें शाळकरी पोर, एवढेंच काय तें मागें राहिलेलें. कुलूप ही वस्तु त्या चार दिवसांत आम्हांस पुढेंहि वारंवार भेटणार होती, याची तेव्हां कल्पना नव्हती.

आमचें मूळ घर गेवराईच्या जुन्या वस्तींत आहे. तेथें सध्यां आमच्या काकू, धाकटे चुलतबंधु, वहिनी व त्यांची दहावींत शिकणारी मुलगी अशीं चार माणसें राहतात. बंधु वकिली करितात. काकूंचें वय शहाऐंशीं. दृष्टि अधू, पण कान तिखट व स्मरण त्याहून तिखट. दारांत पाऊल टाकतांच त्यांनीं आमच्या मागें उभ्या असलेल्या पुतण्याकडे पाहून विचारलें, "हाच का रे तो कुलपं उघडणारा?" पुतण्या पुण्यास संगणकाचें काम करितो. तो हंसून म्हणाला, "आजी, आधीं कुलूप पाहूं तर द्या."

आतां त्या दप्तराविषयीं. काकूंचे यजमान, आमचे तात्या, हे शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर १९९९ सालीं त्यांनीं मोठ्या हौसेनें संगणक घेतला व कुलवृत्तांत लिहावयास बसले. रात्रीं जेवणें उरकलीं कीं माजघराशेजारच्या खोलींत दोन बोटांनीं टकटक सुरू व्हावी, ती अकरापर्यंत चालावी. काकूंनीं "जरा वाचूं द्या कीं" म्हटलें, कीं "पुरा होऊं दे, छापल्यावर वाच," हें ठरलेलें उत्तर. २००६ सालीं तात्या गेले. छपाई राहिली ती राहिलीच.

मजकूर यंत्रांत होता. परंतु ज्या मराठी लेखनाच्या प्रणालींत तो लिहिला होता, ती चालण्यासाठीं यंत्राच्या पाठीमागें एक लहानसें कुलूप खोंचावें लागे. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तु एके दिवशीं बिघडली. विक्रेत्याकडे पत्रें गेलीं, फोन झाले. ती आवृत्ति आतां आम्ही पुरवीत नाहीं, एवढाच निरोप आला. मजकुराच्या फायली मात्र बंधूंनीं एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत अशा जपून नेल्या. न वाचतां येणारी पोथी जशी वडिलार्जित म्हणून देव्हाऱ्यांत जपावी, तसाच तो प्रकार. त्यांतच घरांतल्या चालू संगणकाच्या मूळ प्रणालीची देखभाल कंपनीनें बंद केली. नवी प्रणाली या जुन्या यंत्रास पेलेना. दुकानदार म्हणे, यंत्र भंगारांत द्या. बंधूंनीं तें देण्याचें ठरविलें तेव्हां पुतण्यानें फोन करून सांगितलें, "काका, चार दिवस थांबा. यंत्र म्हातारें नाहीं, त्याच्या अंगावरचा बोजा जड झाला आहे."

पहिल्या दिवशीं संध्याकाळीं त्यानें खिशांतून पेन ड्राइव्ह काढला. त्यांत लिनक्स नांवाची प्रणाली होती. ती यंत्रांत कायमची न घालतांच प्रथम चालवून पाहतां येते, हें पाहून बंधूंचा जीव भांड्यांत पडला. जें यंत्र उघडावयास चहा होऊन जाई, तें मिनिटभरांत उभें राहिलें. पडद्यावरील शब्दहि मराठींत आले. "किती पैसे पडले?" या बंधूंच्या प्रश्नास "कांहीं नाहीं" असें उत्तर मिळतांच वकिलांच्या कपाळावर आठी चढली. फुकट वस्तूविषयीं संशय धरणें हा त्यांचा व्यवसायधर्मच आहे.

वाचकांपैकीं ज्यांस या विषयाचा परिचय नाहीं, त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें अवश्य आहे. पूर्वी कांहीं वैद्य औषधाच्या पुड्या देत, पण त्यांत काय घातलें तें सांगत नसत. वैद्य असेपर्यंत गुण येई. वैद्य गेला कीं विद्याहि त्याजबरोबर जाई. संगणकाच्या बहुतेक विकाऊ प्रणाली या अशा पुड्या आहेत. त्या वापरण्याची परवानगी तेवढी आपण विकत घेतों. त्या कशा रचल्या आहेत हें पाहण्याचा, त्यांत दुरुस्ती करण्याचा किंवा शेजाऱ्यास देण्याचा अधिकार आपणांस नसतो. ही रीत मान्य नसलेल्या रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९८३ सालीं एक संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अशा प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांपुढें उघडा ठेवला. तोच लिनक्स. पुढच्या वर्षीं त्यानें तो स्टॉलमनच्या परवान्याखालीं आणला. त्या परवान्याचें मर्म असें: वस्तु घ्या, वापरा, उघडून पाहा, सुधारा, वाटा, मात्र सुधारलेली वस्तु दुसऱ्यास द्याल, तेव्हां तिची कृतीहि याच अटीवर द्या. स्वतः उघडें घेऊन दुसऱ्यास बंद करून देऊं नका.

बंधूंनीं ही अट दोनदां ऐकली व म्हणाले, "म्हणजे फुकट नव्हे. किंमत आहे, ती पैशांत नाहीं इतकेंच." पुतण्या म्हणाला, "काका, हें आमच्या पुस्तकांतहि इतकें नीट लिहिलेलें नाहीं." आमच्या खिशांतील मोबाइलच्या पोटींहि बहुधा लिनक्सच असतो, आणि जगांतील सर्वांत वेगवान पांचशें महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, असेंहि त्यानें सांगितलें. मग वकिलांचा संशय बराचसा निवळला.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें प्रथम जुन्या यंत्रांतील सगळ्या मजकुराची नक्कल करावयास लाविलें. "मूळ प्रतीला हात लावण्यापूर्वीं नक्कल, हा पहिला नियम," तो म्हणाला. या कामास कांहीं तास लागणार होते. काकू म्हणाल्या, "मग इथें बसून काय करतां? पांचाळेश्वरीं जाऊन या. परततांना राक्षसभुवनीं शनीला तेल घाला." आज्ञा झाल्यावर प्रश्न नव्हता. आम्ही, आमच्या सौ. व पुतणी अशीं तिघें निघालों.

पांचाळेश्वर व राक्षसभुवन हीं दोन्ही गांवें गेवराई तालुक्यांतच, गोदावरीच्या कांठीं आहेत. पांचाळेश्वरास नदीच्या पात्रांत काळ्या दगडाचें आत्मतीर्थाचें देऊळ उभें आहे. मोठा पूर आला कीं तें पाण्याखालीं जातें, ओसरला कीं पुन्हां वर येतें. दत्तभक्तांस हें दत्तात्रेयांचें भोजनस्थान म्हणून वंद्य, आणि महानुभाव पंथीयांचें तर हें थोर तीर्थ. आम्ही गेलों तेव्हां चौथऱ्याच्या सांदींत गाळ वाळला होता, व कांहीं साधक मुकाट्यानें तो खरवडून काढीत होते. नदी मात्र, हें सर्व आपण केलेंच नाहीं अशा थाटांत, संथ वाहत होती.

तेथें ओट्यावर बसलों असतां पुतणीनें विचारलें, "काका, महानुभावांची गुप्त लिपि होती म्हणतात, तें खरें का?" तें खरेंच आहे. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांनीं आपला उपदेश संस्कृतांत न करतां लोकांच्या मराठींत केला. म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें परचक्राच्या धाडींत त्याची मूळ प्रत गेली, तेव्हां अनुयायांनीं तें स्मरणांतून पुन्हां उभें केलें, असें पंथाचा इतिहास सांगतो. त्यानंतर चौदाव्या शतकापासून पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. त्यांतील सकळ लिपि प्रमुख. ती रवळोबासांनीं रचली असें म्हणतात. एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह, अशी तिची मूळ युक्ति. परक्यांच्या हातीं ग्रंथांची विटंबना होऊं नये, पाठांत भेसळ होऊं नये, हा हेतु. तो बव्हंशीं सिद्धीस गेला. परंतु त्याची किंमत अशी पडली, कीं मराठींतील अगदीं आरंभींचें गद्य शेंकडों वर्षें मराठी माणसासच ठाऊक नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हातीं या लिप्यांची किल्ली आली, तेव्हां कोठें तें भांडार सर्वांस दिसलें.

पुतणीनें यावर जें म्हटलें तें आमच्या मनांत घर करून राहिलें. "म्हणजे आजोबांच्या कुलवृत्तांतासारखेंच झालें कीं. फक्त आजोबांनीं कुलूप मुद्दाम घातलें नव्हतें."

राक्षसभुवनास शनीचें प्रसिद्ध देवालय आहे. तेथें तेल घातलें. याच गांवाच्या परिसरांत १० ऑगस्ट १७६३ रोजीं अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईंत पडला. निजामाची कांहीं फौज फुगलेल्या गोदावरीपलीकडे उतरून गेली होती. अलीकडे राहिली तिचा पाडाव झाला. लढाई पेशव्यांनीं जिंकली खरी, तथापि हा मुलूख पुढें १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत राहिला. त्यामुळें इकडच्या जुन्या घरांत आजहि दोन प्रकारचे कागद सांपडतात: गांवकीचे मोडींत, सरकारी उर्दूंत. आणि दोन्ही वाचणारीं माणसें गांवागणिक शोधावीं लागतात. आमच्याहि घरीं असा एक गठ्ठा आहे. तो कोणासच लागत नाहीं.

संध्याकाळीं परतलों तों नक्कल पुरी झाली होती व पुतण्या तात्यांची एक फाईल उघडून बसला होता. पडद्यावर मराठीचें नांव नव्हतें. रोमन अक्षरें, त्यांच्या डोक्यावर टिंबें, मध्येंच स्वल्पविराम, असा नुसता किडेमकोड्यांचा बाजार. त्यानें कारण सांगितलें. त्या काळच्या अनेक मराठी प्रणाली अक्षरें साठवीत नसत, अक्षरांचें चित्र साठवीत. रोमन अक्षरांच्या जागीं काना, मात्रा, अर्धा त, अर्धा न अशा आकृति बसविलेल्या असत; आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. तिचा टंक गेला कीं खालची रोमन गर्दी तेवढी उरते. वास्तविक देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोडची योजना १९९१ सालींच प्रसिद्ध झाली होती. परंतु ती आमच्या घरांपर्यंत पोंचावयास दहा-पंधरा वर्षें लागलीं, व तात्यांचें लेखन नेमकें त्या मधल्या खिंडींत सांपडलें.

"मग आतां?" बंधूंनीं विचारलें.

"आतां राजवाड्यांचीच रीत," पुतणीनें परस्पर उत्तर दिलें. तात्यांनीं नमुन्यादाखल छापून ठेवलेले चार कागद वहिनींना बासनांत मिळाले होते. ते शेजारीं ठेवून कोणत्या चिन्हाचें कोणतें अक्षर, याची जुळणी सुरू झाली. गेवराई, गोदावरी, तीर्थरूप असे वरचेवर येणारे शब्द आधीं सांपडले. मग एकेक चिन्ह. हें काम अगदीं मुळापासून करावें लागलें नाहीं. अशाच दुसऱ्या एका टंकासाठीं कोणा अनोळखी माणसानें किल्ली तयार करून तिची कृति सर्वांसाठीं उघडी ठेवली होती. ती आमच्या कुलपास तंतोतंत बसेना. परंतु उघडी असल्यामुळें पुतण्यास ती कानशीनें घांसावी तशी घांसतां आली. सर्वांत त्रास दिला पहिल्या वेलांटीनें व रफारानें. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस अक्षराच्या आधीं दिसते, पण युनिकोडांत अक्षरामागून येते; रफार दिसतो शेवटीं, पण लागतो आधीं. त्यामुळें पहिल्या फेरींत सारें कूळ बोबडें बोलूं लागलें, आणि घरांत हंसूं लोटलें.

जेवणानंतर ओसरीवर आम्हीं आमच्या मनांतील शंका पुतण्यापुढें मांडली. "ज्याला वाटेल त्यानें बदलावें, असें एकदां म्हटलें कीं वस्तूचा खेळखंडोबा व्हावयास किती वेळ? महानुभावांनीं कुलूप लाविलें तें उगीच नव्हे."

तो म्हणाला, "काका, बदल कोणीहि करावा, पण आपल्या प्रतींत. मुख्य प्रतींत तो घ्यावयाचा कीं नाहीं, हें त्या त्या भागाचे जाणते ठरवतात. लिनसनें २००५ सालीं गिट नांवाचें एक साधन केलें. कोणती ओळ कोणी, केव्हां, कां बदलली याची त्यांत नोंद राहते. चूक झाली तर मागच्या पाठावर परततां येतें."

हें ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें पैठण उभें राहिलें. तें याच गोदावरीवर, आमच्या वरच्या अंगाला. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. तिला कुलूप नव्हतें. ज्याला हवी त्यानें उतरून घेतली, आणि उतरतां उतरतां ज्याच्या मनास आलें त्यानें चार ओव्या आपल्याहि घातल्या. तीनशें वर्षांनीं पाठ इतका मळला, कीं शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं प्रति मिळवून, ताडून तो शुद्ध केला, व पुढें कोणीं आपली ओवी त्यांत घालूं नये अशी ताकीदहि दिली. म्हणजे उघडा ग्रंथ मळला हें खरें. परंतु अनेक घरीं प्रति होत्या म्हणूनच तो धुतां आला; आणि धुतांना नाथांनीं त्यास कुलूप घातलें नाहीं. कुलपानें शुद्धता राहते, पण किल्ली हरवली कीं ग्रंथ मुका होतो. उघडेपणानें भेसळ होते, पण नाथांसारखा राखणारा असेल तर ती निघते. दोन्हींत धोका आहे. मात्र पहिला धोका मनुष्याच्या हाताबाहेरचा, दुसरा त्याच्या कष्टांनीं निवारतां येण्याजोगा. फुकट मिळतें म्हणून उघडें चांगलें, असें म्हणणाऱ्यास ह्यांतील मुख्य गोष्टच कळली नाहीं. उघड्या वस्तूस राखणदार लागतो, आणि तो घराघरांतून तयार व्हावा लागतो.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं तात्यांचीं सत्तावन्न पानें वाचण्याजोगीं झालीं. काकूंना आरामखुर्चींत बसवून पुतणीनें मोठ्यानें वाचावयास घेतलें. वंशावळ, इनामाचा वाद, कोणा पूर्वजाची काशीयात्रा हें झाल्यावर १९४८ चें प्रकरण आलें. रझाकारांच्या धामधुमींत तात्यांच्या आईनें पांच मुलांना बैलगाडींत घालून रातोरात नगर जिल्ह्याची हद्द गांठली होती. निघण्यापूर्वीं घरचें सारें दप्तर बळदांत टाकून वरून शेणमातीनें लिंपून घेतलें होतें. सप्टेंबरांत हैदराबाद मुक्त झाल्यावर मंडळी परतलीं. बळद फोडलें तों एक गठ्ठा सोडून सगळ्याची माती झालेली. वाळवी लागली होती. पुढें तात्यांनीं लिहिलें होतें, कीं त्या दिवशीं आई प्रथमच रडलेली पाहिली. आणि यंत्रास वाळवी लागत नाहीं, म्हणून हें सर्व मी यंत्रांत लिहून ठेवीत आहें.

पुतणी वाचतां वाचतां थांबली. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग काकू म्हणाल्या, "लागली होती हो. दिसत नव्हती एवढंच."

संध्याकाळीं एक लहानसा वाद झाला. पुतण्यास आपण सुधारलेली किल्ली उघडी ठेवावयाची होती. बंधु बिचकले. घरांतील भाऊबंदकी, वाटण्या, इनामाचे कागद जगापुढें मांडावयाचे कीं काय? परंतु हा गैरसमज होता, व तो अनेक सुशिक्षित घरांत असेल म्हणून येथें नमूद करितों. उघडी ठेवावयाची ती किल्ली. तिजोरींतला ऐवज नव्हे. प्रणाली उघडी असली म्हणून तिच्यांत लिहिलेलें घरगुती लेखन चव्हाट्यावर येत नाहीं. तें आपल्याच यंत्रांत, आपल्याच हवालीं राहतें. हें काकूंस लगेच पटलें. त्या म्हणाल्या, "त्या कुणा अनोळखी माणसानं आपली किल्ली दडवून ठेवली असती, तर आज आपण कुठं असतों? दे बाबा. आणखी कुणाचे तात्या अडकून पडले असतील." त्या रात्रीं किल्ली प्रसिद्ध झाली.

चौथा दिवस शिक्षणाचा. पुतण्यानें यंत्राची जुनी प्रणाली काढून लिनक्स कायमचा बसविला, परंतु शिकविण्याचें काम पुतणीकडे सोंपविलें. तिनें मुंबईच्या आय. आय. टी.नें सिद्ध केलेले स्पोकन ट्युटोरियल नांवाचे पाठ काढले. दहा-दहा मिनिटांचा एकेक पाठ, मराठी आवाजांतहि उपलब्ध. ऐकावें, थांबवावें, शेजारीं आपण करून पाहावें. वहिनींनीं पहिल्याच दिवशीं लिबरऑफिसमध्यें महिन्याच्या खर्चाचा तक्ता मांडला. मराठी कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा बसविला. डाव्या हातास स्वर, उजव्यास व्यंजनें, ही त्याची मांडणी बाराखडी येणाऱ्यास लवकर लक्षांत राहते, हें वहिनींच्या बोटांनीं तासाभरांत सिद्ध केलें. केरळांतील सरकारी शाळांत मुलें कित्येक वर्षें मुक्त प्रणालींवरच संगणक शिकत आहेत, आणि भारत सरकारनेंहि २०१५ सालीं आपल्या कचेऱ्यांत मुक्त प्रणाली स्वीकारण्याचें धोरण जाहीर केलें आहे, हें ऐकून बंधूंनीं आपल्या कचेरींतील दुसरें यंत्रहि दाखविलें.

मात्र सगळेंच गोड झालें असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. घरच्या छपाईयंत्रानें दोन तास असहकार पुकारला. बंधूंचें हिशेबाचें एक साधन लिनक्सवर चालेना. म्हणून तें दुसरें यंत्र तूर्त आहे तसेंच ठेवावें, असा पुतण्यानें स्वतःच सल्ला दिला. अडलें तर विचारावयास गेवराईंत दुकान नाहीं. या मार्गास लागणाऱ्यानें थोडा धीर, थोडें वाचन व निदान एक जाणता सोबती गृहीत धरला पाहिजे. आमच्या घरापुरता तो सोबती आतां दहावींत आहे.

निघण्याच्या सकाळीं बॅग भरतां भरतां माजघराशेजारच्या त्या खोलींतून पुन्हां टकटक ऐकूं आली. डोकावून पाहिलें तों पुतणी कळफलकावर, आणि शेजारीं काकू डोळे मिटून सांगताहेत. तात्यांनीं सगळें लिहिलें खरें; पण नगरच्या हद्दींत त्या चार महिन्यांत सासूबाईंनीं चूल कशावर पेटविली, पांच पोरांस काय खाऊं घातलें, हें पुरुषांस कोठून ठाऊक असणार? तें सासूबाईंनीं फक्त सुनेस सांगितलें होतें.

पुतणीनें विचारलें, "आजी, हें आजोबांच्या त्या प्रकरणांतच घालूं का?"

"छे, छे," काकू डोळे न उघडतांच म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्यापाशीं राहूं दे. माझं निराळं लिही. आणि खालीं माझं नांव घाल."